उंच मोटारींची उंची हौस

२०२४-२५ ह्या आर्थिक वर्षांत देशांत विकल्या गेलेल्या प्रवासी मोटारींपैकी सुमारे ६५ टक्के ‘युटिलिटी’ वर्गातील, म्हणजे बहुतांशी एसयूव्ही होत्या. आपल्या पैशाने कोणी कोणती मोटार घ्यावी हे सांगण्याचा अधिकार वृत्तपत्रास नाही, हे आम्ही जाणतो. परंतु देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशांतून आणावे लागत असतां हा प्रश्न केवळ खासगी आवडीनिवडीचा राहत नाही.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाप्रमाणे मध्यम आकाराच्या मोटारीहून एसयूव्हीचे वजन २०० ते ३०० किलो अधिक असते आणि ती सुमारे २० टक्के जास्त तेल पिते. वर्षाला १२,००० किलोमीटर हिंडणाऱ्या कुटुंबाची साधी मोटार लिटरला १६ किलोमीटर जात असेल, तर तिला ७५० लिटर पेट्रोल पुरते. ह्या प्रमाणाने एसयूव्हीस ९०० लिटर लागेल. लिटरला १०० रुपये धरले तरी वर्षाकाठी १५,००० रुपये केवळ उंचीपायी खर्ची पडतात. कारण उघड आहे. शहरांत दर सिग्नलला जास्त वजन नव्याने ढकलावे लागते; द्रुतगती मार्गावर रुंद, उंच तोंडाने वारा कापावा लागतो, आणि वाऱ्याचा हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो.

मग सामानाची सोय तरी अधिक होते काय? तसेही नाही. स्कोडा कंपनीच्या ऑक्टेव्हिया कॉम्बी ह्या स्टेशन वॅगनची डिकी ६४० लिटरची, तर त्याच कंपनीच्या कारोक ह्या एसयूव्हीची ५२१ लिटरची आहे. वॅगन सुमारे ३० सेंटिमीटर लांब आहे, हे खरे. तेवढी जागा गाडी उभी करतांना जास्त लागेल. खड्डे, पावसाळ्यांत तुंबणारे पाणी आणि अवाढव्य गतिरोधक ह्यांनी गांजलेल्या नागरिकास उंच गाडी हवीशी वाटते, त्यांतही तथ्य आहे. वृद्धांस उंच आसनावर बसणे सोपे जाते. पण रस्ते दुरुस्त करण्याऐवजी प्रत्येक कुटुंबाने दीड टनाची गाडी बाळगावी, हा उपाय नव्हे. तो महापालिकांच्या कर्तव्यच्युतीचा दंड आहे, आणि तो नागरिक भरीत आहेत.

आपल्याकडे वॅगन अपरिचित नव्हती. टाटांची इस्टेट १९९२ साली आली, इंडिगो मरीना २००४ साली आली. ग्राहकांनी दोहोंकडे पाठ फिरविली. ह्यांत आवडीचा भाग होताच. परंतु २००६ च्या अर्थसंकल्पाने ४ मीटरपर्यंतच्या, लहान एंजिनाच्या मोटारींवरील अबकारी करांत सवलत दिली, आणि लांबी हाच जिचा गुण त्या वॅगनचे दार जवळजवळ बंद झाले. २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या नव्या जीएसटी दरांतही तीच ४ मीटरची फूटपट्टी आहे. लहान एंजिनाची आखूड एसयूव्ही १८ टक्क्यांत बसते; तेच एंजिन लावलेली वॅगन ४ मीटरची रेषा ओलांडतांच ४० टक्क्यांत जाते. लांबी मोजली जाते, एंजिन मोजले जाते. प्रत्यक्ष जळणारे तेल मात्र कोणी मोजीत नाही. मोटार कंपन्यांना घालून दिलेली इंधनमर्यादाही गाड्यांच्या सरासरी वजनाशी जोडलेली असल्याने जड गाड्या विकणाऱ्यास सैल मर्यादा मिळते.

आमच्या मते कर आकारावयाचा तो किलोमीटरमागे जळणाऱ्या इंधनावर आकारावा. मग कोणी एसयूव्ही घ्यावी, कोणी वॅगन घ्यावी. हौसेस मोल असते, ते हौस करणाऱ्याने द्यावे. आज मात्र सरकारची फूटपट्टीच ग्राहकाची निवड करीत आहे, आणि तेलाचे बिल साऱ्या देशाच्या नांवे निघत आहे.