पडद्यावरचा हायड्रोजन

संगणकावरचे सारेच खेळ टाकाऊ असतात, असे आम्ही म्हणणार नाही. ‘द पावडर टॉय’ नावाचा एक विनामूल्य खेळ आहे. वाळू, पाणी, अग्नी, वायू यांचे कण पडद्यावर सोडावयाचे आणि उष्णता व दाब यांच्या योगे त्यांचे काय होते ते पाहावयाचे, एवढाच हा खेळ. त्यात हायड्रोजनला अग्नी लागला की भडका उडतो आणि प्राणवायूच्या संगतीने तो जळाला की पाणी उरते. उष्णता व दाब फारच वाढविले, तर त्याचे कण एकमेकांत मिळून निराळाच वायू जन्मास येतो.

पालकांनी यास केवळ पोरखेळ समजू नये. हायड्रोजन या नावाचा अर्थच मुळी ‘पाणी निर्माण करणारा’ असा आहे. कण मिळून नवा वायू होण्याची क्रियाही खरी आहे. मात्र खेळात ती फार स्वस्तात घडते. सूर्याच्या गाभ्यात तीस सुमारे दीड कोटी अंश सेल्सिअस उष्णता लागते. तेथे दर सेकंदास सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचे हेलियम होते, आणि त्याच उष्णतेवर आपली ज्वारी व तंबाखू पिकते.

हे ज्ञान आपल्या मुलखास अगदीच परके नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी जमखंडी येथून सूर्याच्या कडेवरील ज्वाळांचा प्रकाश वर्णपटयंत्रातून न्याहाळला. त्यात तेजस्वी रेषा दिसल्या. म्हणजे त्या ज्वाळा तप्त वायूच्या होत्या. त्या वायूत मुख्य भाग हायड्रोजनचा.

परंतु पडदा एक गोष्ट शिकवीत नाही. तेथे एक बटण दाबले की स्फोट थांबतो, दुसरे दाबले की सारे पुसून जाते. सणाच्या दिवशी चर्चच्या आवारात जो फुगेवाला उभा राहतो, त्याच्या फुग्यांत पुष्कळदा हाच हायड्रोजन असतो, कारण हेलियम महाग पडते. हवेत शंभरात चार भाग हायड्रोजन मिसळला तरी तो पेट घेऊ शकतो, आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसतच नाही. आपल्या सणाला तर मरियामातेच्या ग्रोटोपुढे मेणबत्त्यांची रांग तेवत असते. फुग्यांचा झुबका हाती धरलेले लेकरू तेथे गुडघे टेकते, तेव्हा काय घडू शकेल याचा विचार मातापित्यांनी करावा. भाजलेली त्वचा बटण दाबून पूर्ववत होत नाही.

म्हणून आमची विनंती तीन गोष्टींची आहे. मूल हा खेळ खेळत असता घटकाभर त्याच्या शेजारी बसावे व काय जळले, काय उरले, हे त्यास विचारावे. उडते फुगे मेणबत्तीजवळ, स्वयंपाकघरात अथवा बंद मोटारीत नेऊ नयेत. आणि सणाची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळींनी फुगेवाल्यास व त्याच्या टाकीस गर्दीपासून दूर, मोकळी जागा द्यावी. त्यास हाकलून देऊ नये. तोही लेकरांच्या पोटासाठीच उभा असतो, आणि टाकी फुटली तर पहिला घाव त्यालाच बसतो.

परमेश्वराने सृष्टी मनुष्याच्या हाती दिली ती मशागत करण्यास व राखण्यास. तिचे नियम मुलांनी हौसेने शिकावेत, आणि ते नियम कोणाची गय करीत नाहीत हे मोठ्यांनी त्यांस वेळीच सांगावे.