हाकेला ओ कोण देणार?



श्रीवर्धन, म्हसळा, दापोली, खेड, चिपळूण या पट्ट्यातील कोणत्याही मोहल्ल्यातून चालत गेलो की एक गोष्ट ठळक दिसते. घरे मोठी झाली आहेत आणि घरातली माणसे कमी. दुबई, कुवेत, दोह्याच्या कमाईवर उभा राहिलेला दुमजली बंगला, खाली चार खोल्या, वर चार खोल्या. आणि आत राहणारी एकटी अम्मी. फार तर सोबतीला सून आणि एखादे शाळकरी मूल. काही बंगल्यांना तर वर्षातले अकरा महिने कुलूपच असते. अशा घरांत अलीकडे कुलपाच्या जोडीला चोरापासून सावध करणारा अलार्म दिसू लागला आहे. मुलगा सुट्टीवर येतो, माणूस बोलावून यंत्र बसवून घेतो, फोनवर ॲप टाकतो आणि निर्धास्त मनाने विमानात बसतो.

काही वडीलधारे विचारतात, अल्लाहवर तवक्कुल असताना ही यंत्रे कशाला? तिरमिजीतील उंटाची हदीस आपल्या सर्वांना ठाऊक आहे. उंट मोकळा सोडून भरवसा ठेवू की बांधून, असे विचारणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी आधी उंट बांधायला सांगितले होते. म्हणून घराची राखण करण्याची तजवीज करणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही. मात्र दावे कसे बांधले आहे तेही पाहावे लागते. सैल राहिले तर उंट सुटतो आणि फार आवळले तर त्याच्याच पायाला जखम होते. अलार्मचेही तसेच आहे. या महिन्यात त्याविषयी बोलू.

यंत्र करते काय?

साध्या घरगुती अलार्मचे तीन भाग असतात. पहिला भाग म्हणजे दाराखिडक्यांवर बसवलेले छोटे सेन्सर. त्यातला एक तुकडा चौकटीवर आणि दुसरा, लोहचुंबकाचा, दारावर असतो. दार उघडले की चुंबक दूर जातो आणि यंत्राला इशारा मिळतो. दुसरा भाग खोलीच्या कोपऱ्यात वर बसवलेला हालचालीचा सेन्सर. तो फोटो काढत नाही. माणसाच्या अंगाची उष्णता खोलीत सरकली की त्याला कळते. तिसरा भाग मुख्य पेटी आणि सायरन. सेन्सरचा इशारा आला की पेटी सायरन वाजवते आणि आतल्या सिमकार्डवरून किंवा वायफायवरून ठरलेल्या नंबरांना कळवते.

एवढेच त्याचे काम. ते चोराला पकडत नाही, दार अडवत नाही, अम्मीला धीर देत नाही. ते फक्त हाक मारते. पुढचे सगळे माणसांनी करायचे असते. बसवताना नेमका हाच विचार राहून जातो.

फजरची वेळ आणि सायरन

आमच्या ओळखीच्या एका घरात घडलेली गोष्ट. मुलाने यंत्र बसवले, रात्री झोपण्यापूर्वी कोणते बटण दाबायचे ते आईला दाखवले आणि तो परत गेला. दुसऱ्याच पहाटे आई तहज्जुदसाठी उठल्या. वजूला जाण्यासाठी त्यांनी हॉलमध्ये पाऊल टाकले आणि सायरन सुरू झाला. तो बंद कसा करायचा हे त्या गडबडीत आठवेना. सारी आळी जागी झाली. त्या दिवसापासून उजाडून कुणी येईपर्यंत त्या खाटेवरून उठेनाशा झाल्या. मधुमेहाचा आजार असूनही रात्री लघवीला जाणे टाळू लागल्या. शेवटी त्यांनी शेजारच्या मुलीकरवी यंत्राची पिनच काढून टाकली. आतली बॅटरी संपली आणि यंत्र मुके झाले. मुलाला हे कळले ते पुढच्या सुट्टीत. ज्या माउलीसाठी ते बसवले, तिलाच त्याने कैद केले होते.

उपाय अगदी साधा होता. बहुतेक यंत्रांत दोन प्रकारचे पहारे असतात. घर रिकामे असतानाचा पूर्ण पहारा, आणि माणसे आत झोपलेली असतानाचा अर्धा पहारा. अर्ध्या पहाऱ्यात दाराखिडक्यांचे सेन्सर जागे राहतात आणि आतले हालचालीचे सेन्सर झोपतात. मग तहज्जुदला उठा, सहेरीला उठा, पाणी प्यायला उठा, काही वाजत नाही. यंत्र बसवणाऱ्याला दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात : या घरात लोक पहाटे उठतात, आणि फजरला पुरुष मशिदीत जातात. दार उघडल्यावर कोड दाबण्यासाठी काही सेकंदांची सवलत ठरवता येते. वृद्ध माणूस असेल तर ती थोडी जास्त ठेवावी. रिमोट उशाशी ठेवावा आणि त्यावरच्या बंद करण्याच्या बटणाला रंगीत टिकली चिकटवावी. अंधारात चष्म्याविना अक्षरे वाचता येत नाहीत.

सायरनचा आवाज 100 डेसिबलच्या वरही असतो. तो पाळण्याच्या किंवा पलंगाच्या डोक्यावर लावू नये.

कोड म्हणजे किल्लीच

नव्या यंत्राचा कोड बहुधा 1234 किंवा 0000 असा असतो आणि तो सर्वांना माहीत असतो. बसवल्या दिवशीच तो बदलावा. जन्मसाल, गाडीचा नंबर किंवा मोबाइलचे शेवटचे चार आकडेही टाळावेत. बसवणाऱ्या कारागिराचा वेगळा कोड असतो. काम संपल्यावर तोही आपल्यासमोर बदलून घ्यावा. ॲपचा पासवर्ड तर व्हॉट्सॲपच्या कौटुंबिक ग्रुपवर कधीच टाकू नये. कामवाली बाई, माळी, ट्यूशनचे सर यांच्यासाठी शक्य असल्यास वेगळा कोड द्यावा, म्हणजे गरज संपली की तेवढाच काढता येतो आणि विनाकारण कुणावर संशयही येत नाही.

मुलांचे काय? शाळेच्या मधल्या सुट्टीत मुले घरचा कोड एकमेकांना कौतुकाने सांगताना आम्ही ऐकली आहेत. त्यांना कोड द्यावा, पण ही घरची अमानत आहे हेही समजावून द्यावे. अमानत हा शब्द मुलांना चटकन कळतो.

पहिला फोन कुणाला?

यंत्रात काही ठरावीक नंबर भरता येतात. बहुतेक घरांत पहिला नंबर परदेशातल्या मुलाचा असतो. थोडा हिशेब करून पाहू. इथे पहाटेचे तीन वाजलेले असतात तेव्हा कुवेतमध्ये रात्रीचे साडेबारा. मुलगा झोपेत असतो, नाही तर रात्रपाळीत, फोन लॉकरमध्ये. फोन लागलाच तरी तो तिथून काय करणार? गावातल्याच कुणाला तरी फोन करणार. शिवाय परदेशी कॉलची सोय बहुतेक सिमवर वेगळी सुरू करावी लागते, नाही तर तो फोन लागतच नाही.

म्हणून पहिला नंबर पाच मिनिटांत दारात येऊ शकणाऱ्या माणसाचा असावा, दुसरा गल्लीतल्या आणखी एकाचा, आणि मुलाचा तिसरा. सूरह निसामध्ये (4:36) जवळच्या आणि दूरच्या, दोन्ही शेजाऱ्यांशी भलेपणाने वागण्याचा आदेश आहे. तिथे शेजाऱ्याचा धर्म विचारलेला नाही. पलीकडचे कुणब्याचे किंवा भंडाऱ्याचे घर जवळ असेल तर त्यांनाच विनंती करावी. पण विनंती करावी. न विचारता नंबर भरून टाकू नये. अपरात्री उठून यायला सांगणे ही लहान मागणी नाही. वर्षभर ज्याच्या सुखदुःखाची आपण चौकशी केली नाही, त्याच्या फोनवर पहाटे तीन वाजता यंत्राचा कॉल जावा, हे शोभत नाही.

पोलिसांचा 112 हा नंबर मात्र यंत्रात भरू नये. माणसाने खात्री करून तो स्वतः लावावा, म्हणजे पालीमुळे वाजलेल्या सायरनने पोलिसांची लाइन अडणार नाही.

वीज, बॅटरी आणि पावसाळा

कोकणात वीज जाणे नवे नाही. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, म्हसळ्याच्या कित्येक गावांत वीज आणि मोबाइल दोन्ही बरेच दिवस बंद होते. घरे उघडी पडली होती आणि कोणतेही यंत्र बोलत नव्हते. तेव्हा धावून आली ती माणसेच.

वीज गेल्यावरही चालावे म्हणून यंत्रात बॅटरी असते. ती काही तास, फार तर एखादा दिवस साथ देते. मोठ्या पेट्यांतली 12 व्होल्टची बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षांत थकते, उकाड्यात आणखी लवकर. बिनतारी सेन्सरमधले सेलही अधूनमधून बदलावे लागतात. बसवल्याची तारीख पेटीवर लिहून ठेवावी. सिमचे रिचार्ज संपले तर यंत्र फोन करू शकत नाही, म्हणून त्याची तारीख घरातल्या कॅलेंडरवर मांडावी. जुनी काही यंत्रे फक्त टूजीवर चालतात आणि जिओचे सिम टूजीवर चालत नाही. सिम घेण्यापूर्वी एवढे विचारून घ्यावे.

आणखी एक कळकळीची सूचना. यंत्राला पर्याय म्हणून ग्रिलला किंवा कुंपणाला घरातला वीजप्रवाह जोडण्याची कल्पना कुणी सुचवली तर ती त्याच क्षणी धुडकावून लावा. ते जीवघेणे आहे आणि गुन्हाही. त्या तारेला चोरापेक्षा आधी हात लागेल तो चेंडू शोधायला आलेल्या पोराचा.

रोज ओरडणारा अलार्म

सेन्सरवर पाल चढली, कोळ्याने जाळे विणले, पंख्याने पडदा हलला, मांजर शिरली, तरी सायरन वाजू शकतो. पहिल्यांदा शेजारी धावत येतात. दुसऱ्यांदा खिडकीतून पाहतात. पाचव्यांदा कूस बदलून झोपतात. मग खरा चोर आला तरी ते उठत नाहीत, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे. बंद घरातला सायरन तासन्‌तास वाजत राहिला तर आजाऱ्याला, तान्ह्या मुलाला आणि परीक्षेच्या पोरांना किती त्रास होतो! सायरन काही मिनिटांत आपोआप थांबेल अशी वेळ लावून घ्यावी, सेन्सर पंखा-पडद्यांपासून दूर बसवावा, दर महिन्याला कोरड्या फडक्याने पुसावा. चुकून वाजलाच तर सकाळी जाऊन माफी मागावी.

दाराची नोंद

नव्या यंत्रांचे ॲप कोणते दार किती वाजता उघडले हे परदेशातही दाखवते. त्यातून एक नवी तक्रार आमच्या कानावर येऊ लागली आहे. ‘सव्वाचारला दार का उघडलं? वीस मिनिटं कुठे होतीस?’ असे प्रश्न सुनेला फोनवरून विचारले जातात. भाजीवाला आला होता, एवढे साधे उत्तरही तिला आरोपीसारखे द्यावे लागते. सूरह हुजुरातमध्ये (49:12) संशय आणि पाळत या दोन्हींपासून दूर राहायला सांगितले आहे. चोरासाठी लावलेला पहारा घरच्या लेकीसुनांवर फिरवू नये. कॅमेरा लावायचाच असेल तर तो दाराबाहेर, शेजाऱ्याच्या अंगणात डोकावणार नाही असा लावावा. घरातल्या बायकांना न विचारता आत कॅमेरा बसवू नये.

सायरन वाजला तर

घरात असाल तर काठी घेऊन बाहेर धावू नका. सगळ्यांनी एका खोलीत जावे, आतून कडी लावावी, दिवे लावावेत, 112 ला फोन करावा आणि शेजाऱ्याला हाक मारावी. बाहेरून परतल्यावर सायरन वाजताना किंवा दार फुटलेले दिसले तर आत जाऊ नका. जिन्नस परत घेता येतो. शेजाऱ्यालाही हेच सांगून ठेवावे : त्याने दुरून पाहावे, लोक जमवावेत, एकट्याने आत शिरू नये.

चोराच्या धास्तीने ग्रिलला आतून कुलूप लावत असाल तर त्याची किल्ली दाराजवळ, घरातल्या सर्वांना ठाऊक असलेल्या जागी असावी. आग लागली तर त्याच ग्रिलमधून बाहेर पडायचे असते. गॅसचा वास आला तर अलार्मसह कोणतेही बटण चालू-बंद करू नये. दारेखिडक्या उघडाव्यात, रेग्युलेटर बंद करावा आणि बाहेर येऊन 1906 वर कळवावे.

या महिन्याचा गृहपाठ

ज्यांच्या घरी अलार्म आहे त्यांनी येत्या रविवारी असरनंतर, शेजाऱ्यांना आधी सांगून, तो एकदा मुद्दाम वाजवावा. घरातल्या सर्वात वृद्ध आणि सर्वात लहान माणसाला तो स्वतःच्या हाताने बंद करू द्यावा. भिंतीवरची पिन काढून बॅटरी किती वेळ टिकते ते पाहावे. पहिल्या नंबरावर फोन गेला का आणि तो उचलला गेला का, हे तपासावे.

आणि ज्यांच्या घरी अलार्म नाही, त्यांनीही गृहपाठ चुकवू नये. अपरात्री आपण हाक मारली तर कोण येईल, आणि कुणाच्या हाकेला आपण जाऊ, अशी दोन नावे घरच्यांसोबत बसून ठरवावीत. मग त्या दोन घरी चहाला जाऊन यावे.

अल्लाह आपणा सर्वांची घरे आणि घरातली माणसे सलामत राखो. आमीन.