पेटीतले आवाज

मंगरूळपीरच्या आमच्या जुन्या घरातली लोखंडी पेटी गेल्या उन्हाळ्यात उघडली, तेव्हा तिच्यात कॅसेटींचा ढीग निघाला. कव्वाली आणि नातशरीफच्या विकतच्या कॅसेटी आम्ही बाजूला ठेवल्या. त्यातले बरेचसे आज मोबाईलवर मिळते. उरल्या 6. त्यांच्यावर अब्बांच्या अक्षरात फक्त तारखा होत्या.

अब्बा तेव्हा सौदीत कामाला होते. फोन महाग आणि अम्मीला लिहिता येत नव्हते. म्हणून घरचे सगळे टेपरेकॉर्डरसमोर बसून बोलत आणि गावचा कोणी तिकडे निघाला की त्याच्या हाती कॅसेट देत. आखातात माणूस गेलेल्या कितीतरी घरांत अशी बोलती पत्रे होती. परत येताना अब्बांनी ती सगळी जपून आणली.

या कॅसेटी संगणकावर घ्यायला फार खर्च येत नाही. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या जागेतून एक वायर संगणकाच्या लाइन-इनमध्ये जोडायची. ती सोय नसेल तर यूएसबी साउंड कार्ड घ्यावे. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. मात्र आधी कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन्ही छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबले जाऊन जुना आवाज पुसला जाणार नाही. टेपचे हेड कापसाने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. घाई चालत नाही. 90 मिनिटांच्या कॅसेटला 90 मिनिटेच लागतात. मूळ प्रत वेव्ह स्वरूपात ठेवा, मिनिटाला साधारण 10 एमबी जागा लागते. ऐकायला एमपी3 पुरे. आणि दोन वेगळ्या ठिकाणी जतन करा.

तिसऱ्या कॅसेटमध्ये मरहूम दादी बोलल्या. आम्ही सगळे गप्प झालो. मग अम्मीचा आवाज आला. ती रडत होती, सासरी काय सोसते ते अब्बांना सांगत होती. धाकटा तोवर घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायच्या तयारीत होता. आम्ही टेप थांबवला.

अम्मी शेजारच्या खोलीत होती. विचारले, तर म्हणाली, ‘‘वो तुम्हारे अब्बा के वास्ते था, बेटा.’’ मग टेपरेकॉर्डर आत मागवला आणि दार लावून एकटीने ऐकले. बाहेर आली तेव्हा एवढेच म्हणाली, ‘‘दादी का सबको सुनाओ. मेरा मेरे पास रखो.’’

आम्ही तसेच केले. अम्मीच्या भागाची एकच फाइल आहे, तिच्याच मोबाईलमध्ये.

तुमच्याही घरी अशी पेटी असेल. ती लवकर उघडा, कारण फीत जुनी होते आणि ऐकणारेही. पण ग्रुपवर पाठवण्याआधी ज्याचा आवाज आहे त्याला विचारा. तो हयात नसेल, तर त्याला काय आवडले असते ते मनाला विचारा. आवाजही अमानतच असते.