जातच भांडखोर?

माझ्या भाच्याने दोन फुटी टँक घेतला, खाऱ्या पाण्याचा. दुकानदाराने सोबत तीन डॉमिनो डॅमसेल दिले. मखमली काळे, अंगावर पांढरे ठिपके, पोराला एकदम आवडले. "हे लवकर मरत नाहीत, यांच्यावरच टँक सुरू करा," हा सल्ला फुकट. दोन महिन्यांत तिघांतला एक उरला. मग क्लाउनफिशची जोडी आणली. चौथ्या दिवशी एकाची शेपटी कुरतडलेली, पाचव्या दिवशी तो तळाशी. भाचा म्हणाला, "मामू, दुकानदार म्हणतो त्या माशाची जातच भांडखोर."

हे वाक्य मी आयुष्यात माशांखेरीज इतरांबद्दलही ऐकलंय. म्हणून जरा तपासून घेतलं.

स्वभाव असतो, नाकारत नाही. डॅमसेल आपला कोपरा राखतो. त्याच्या काही भाऊबंदांच्या शेवाळाच्या बागा असतात आणि तिथे आलेल्या पाणबुड्यालाही ते चावायला धावतात. पण प्रवाळात हा पाठलाग चार हात चालतो. घुसखोर हद्दीबाहेर गेला की मामला संपला. काचेच्या टाकीत हद्दीला बाहेरच नसतं. हरलेला पळून जाणार कुठे? तो पुन्हा त्याच कोपऱ्यावरून जातो, पुन्हा मार खातो, खाणं सोडतो आणि मरतो. याला माशाचा खुनशीपणा म्हणायचं की आपला?

बरं, टँक सुरू करायला मासा लागतोच कशाला? अ‍ॅमोनिया पचवणारे जिवाणू वाढवायचे असतात, तेवढंच. बाजारातल्या कोळंबीचा एक तुकडा टाकून ठेवला तरी ते वाढतात. चार-सहा आठवडे रिकामं पाणी बघत बसायचं. एवढा सबर गिऱ्हाइकाला नाही, आणि रिकाम्या टाकीतून दुकानदाराला काही सुटत नाही. डॅमसेल सगळ्यांत स्वस्त, म्हणून तो आधी. तिथेच सगळं उलटं होतं, कारण नियम साधा आहे: गरीब मासे आधी, दांडगा शेवटी. आधी आलेला घरमालक होतो.

झालेली चूक थोडीफार निस्तरता येते. नवा मासा सोडण्याआधी दगडांची मांडणी पार बदलावी, म्हणजे जुन्याची हद्द मोडते. नव्याला काही दिवस भोकांच्या पारदर्शक डब्यात त्याच पाण्यात ठेवावं. काचेला बाहेरून आरसा लावला तर दांडगा काही काळ स्वतःशीच भांडत बसतो. एकाच आकाराचे, एकाच रंगाचे मासे एकत्र आणू नयेत. पिवळा टँग दुसऱ्या पिवळ्या टँगला सहसा खपवून घेत नाही, आणि त्याच्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना खरोखरीचं पातं असतं. अर्थात टँग दोन फुटी टाकीत सोडायचाच नसतो. विकतात मात्र सर्रास.

हे उपाय त्या दुकानदाराला माहीत नव्हते असं मी मानायला तयार नाही. माझ्या भाच्याला कुणी आधी सांगितलं नाही, एवढंच.

परवा तो उरलेला डॉमिनो दुकानात परत दिला. दुकानदाराने पैसे दिले नाहीत, मासा घेतला आणि 'नवशिक्यांसाठी' अशी चिठ्ठी लावलेल्या टाकीत सोडला.