क्यूआर कोडच्या आधी बोलीभाषा

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांच्या क्यूआर कोडचीच चर्चा अधिक झाली. आमच्या मते मर्म अन्यत्र आहे. तेथील मुलांची घरची भाषा कन्नड. डिसले सर आधी ती शिकले, पाठ तीत उतरवले आणि मग त्यांना कोड जोडले. (पारितोषिकाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना दिली, हेही विसरू नये.)

वसईतील कित्येक ख्रिस्ती घरांत कादोडी बोलली जाते. तेथील मूल पहिलीत प्रमाण मराठी, नाहीतर थेट इंग्रजीच ऐकते. शिक्षकांनी कादोडीत पाठ ध्वनिमुद्रित करून शेजारच्या धर्मग्रामांतील शाळांना मोबाईलवरून पाठविल्यास खर्च नगण्य येईल. नवे संगणक मागण्यापूर्वी पालक-शिक्षक सभांनी हा विषय घ्यावा.