त्या जमिनीचे सोने कोणाला मिळते?

‘सिव्हिलायझेशन’ मालिकेतील खेळांविषयी आपण खेळाडू एक दावा मोठ्या अभिमानाने करतो: येथे राज्य वाढवण्यासाठी युद्धच करावे लागते असे नाही, संस्कृतीच्या बळावरही सीमा विस्तारतात. हा दावा मला मान्य नाही. खेळातील सर्वांत शांत भासणारी हीच यंत्रणा इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत अप्रामाणिक आहे. ती तशी का, हे सांगण्यासाठी हा थ्रेड.

आधी नियम पाहू. २००१ सालच्या तिसऱ्या भागात नगराची संस्कृती ठरावीक आकड्याला पोचली की सीमा चहूबाजूंनी एकदम पुढे सरकत असे. २०१० च्या पाचव्या भागाने पटावर षट्कोनी घरे आणली आणि सीमा एकेका घराने वाढू लागली. संस्कृतीचे गुण साठले की एक घर आपोआप मिळते; तेवढा धीर नसेल तर सोने मोजून विकत घेता येते. (नियम म्हणून हा देखणा आहे, हे मी नाकारत नाही. नदीकाठचा गहू आधी घ्यावा की डोंगरातले लोखंड, या विवंचनेत रात्र सरते.)

पण ते सोने जाते कोणाकडे?

कोणाकडेच नाही. तिजोरीतला आकडा कमी होतो आणि जमिनीला आपला रंग चढतो. विक्रेता नाही, खरेदीखत नाही. कारण नगर वसण्यापूर्वी त्या जमिनीचा कोणी धनी नव्हताच, हे खेळाचे गृहीतक आहे. रानटी टोळ्यांचे तळ असतात, पण ते उद्ध्वस्त केले की उलट आपल्यालाच सोने मिळते. सहाव्या भागातील आदिवासी वस्तीत आपली तुकडी शिरताच वस्ती नाहीशी होते आणि आपल्या पदरी बक्षीस पडते. जमीन बळकावणे म्हणजे काय, हे खेळाला ठाऊक नाही असेही नाही. पाचव्या भागात सेनापती खर्ची घालून बालेकिल्ला उभारला आणि शेजारी राष्ट्राची घरे गिळली, तर ते राष्ट्र रुष्ट होते. म्हणजे तक्रारीचा हक्क आहे, पण तो ज्याच्याजवळ नगर आहे त्यालाच.

‘अहो, खेळच तर आहे,’ असे यावर हमखास ऐकू येते. खेळच असेल तर मग खरी नावे कशाला? त्याच पाचव्या भागात अमेरिकेच्या खास गुणाचे नाव ‘मॅनिफेस्ट डेस्टिनी’ आहे. पश्चिमेकडचा विस्तार हे विधिलिखित ठरवणारी एकोणिसाव्या शतकातील ही घोषणा. खेळात तिचा अर्थ एवढाच, की जमीन निम्म्या दरात मिळते! २०१३ च्या पुरवणीत शोशोनी लोक आले. त्यांच्या नगरांना स्थापनेपासूनच जास्तीची जमीन लाभते. एकाच पटावर सवलतीचा गिऱ्हाईक आणि उदंड जमिनीचा मालक! तेव्हा खऱ्या शोशोनींच्या जमिनीचे काय झाले, हे पाहणे भाग आहे.

त्यांच्यापैकी पश्चिम शोशोनींनी १८६३ साली अमेरिकी सरकारशी रूबी व्हॅलीचा करार केला. त्यात रस्ते, तारायंत्र, रेल्वे आणि खाणी यांना मुभा होती. भूमीचे स्वामित्व सोडल्याचे कलम नव्हते. पुढे १९६२ साली इंडियन क्लेम्स कमिशनने ठरवले की त्यांचा हक्क संपुष्टात आलेला आहे. कोणत्या युद्धाने? कोणत्या खरेदीखताने? कशानेच नाही. गोऱ्या वसाहतकऱ्यांचा हळूहळू शिरकाव होत गेला, म्हणून. एकेका घराने, थेट आपल्या पटावरच्यासारखा. मूल्यांकनासाठी १८७२ साल धरले गेले आणि सुमारे २ कोटी ६० लाख डॉलर भरपाई ठरली.

जमीन आम्ही विकलेलीच नाही, असे म्हणून शोशोनींनी ती रक्कम घेण्यास नकार दिला. सरकारने १९७९ साली ती आपल्याच कोषागारात, त्यांच्या नावच्या विश्वस्त खात्यात टाकली. विश्वस्त कोण, तर तेच सरकार.

नेव्हाडात गुरे पाळणाऱ्या मेरी आणि कॅरी डॅन या शोशोनी बहिणींवर सरकारने १९७४ सालीच विनापरवाना चराईचा दावा लावला होता. ही आमच्या पूर्वजांची भूमी, परवाना कसला, असे त्यांचे म्हणणे. आणि भरपाई तर कोणाच्या हाती पडलेलीच नव्हती. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: रक्कम खात्यात जमा झाली, म्हणजे ती अदा झाली. सरकारच्या एका हातातून निघालेले सोने सरकारच्याच दुसऱ्या हातात पोचले आणि घराचा रंग कायम झाला.

डॅन भगिनींनी त्यानंतरही परवाना घेतला नाही. २००२ सालच्या सप्टेंबरात सरकारी अधिकारी आले आणि त्यांची दोनशेहून अधिक गुरे जप्त करून घेऊन गेले.