देवापुढे पत्ते कसले?

गेल्या चवथीला डिचोलीच्या आमच्या घरी मी पत्त्यांचा कॅट काढला, तर पुतण्या म्हणाला, "काका, देवापुढे जुगार?" आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोके घालून बसला.

पेडण्याच्या माझ्या आजोळी आरत्या संपल्या की चटईवर 'नॉट अ‍ॅट होम' रंगायचा. चार राण्या, चार एक्के असे जमवायचे. आपल्याकडे एक तरी राणी असेल तरच दुसऱ्याकडे राणी मागायची. असली तर त्याने द्यायची, नसली तर 'नॉट अ‍ॅट होम' म्हणायचे, की मागायची पाळी त्याची. शाळेची पायरी न चढलेली आजी 'नाटाटोम' म्हणायची आणि सगळ्यांना हरवायची. कोणी कोणाकडे काय मागितले, हे ती विसरत नसे. किलवरची राणी मागणाऱ्याकडे दुसरी एखादी राणी आहेच, हे तिने केव्हाच ताडलेले असे.

जत्रांतल्या जुगाराने पत्ते बदनाम झाले, हे खरे. पण दोष पैशाचा, पत्त्यांचा नव्हे. पोर्तुगीज येण्यापूर्वी पेडणे-डिचोलीवर ज्या सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल होता, त्यांच्या सावंतवाडीत आजही दशावतारी गंजिफा रंगवतात. दहा अवतारांची १२० गोल पाने! कुठली पडली, कुठली उरली हे ध्यानात ठेवणारा त्यात जिंकतो. देवाच्या अवतारांचा खेळ आपल्या मुलखाला चालत होता, मग देवापुढे बावन्न पानांचेच वावडे का?

या खेळात दुसऱ्याचे बोलणे कान देऊन ऐकावे लागते. आजच्या आपल्या घरांत नेमके तेच राहून जाते. येत्या चवथीला माटोळीच्या सामानाबरोबर एक कॅटही आणा.